साडेपाचमधलं टिंब

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की आई सांगते, "ती मासळीच्या कारखान्यात थंड खोलीत बसते." त्यात चूक काही नाही. रत्नागिरीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. आम्ही कोळंबी गोठवतो आणि परदेशी पाठवतो. कारखान्यात थंड खोल्या दोन, एक कोळंबीची आणि एक कॉम्प्युटरची. दोन्हीकडे शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. कोळंबीवाल्यांना निदान आत गमबूट मिळतात. मी मोज्यांवर बसते.

कॉम्प्युटर म्हणजे एक गोदरेजच्या कपाटाच्या निम्म्या उंचीचं खोकं. त्याला वायरींनी जोडलेले तीन पडदे, म्हणजे टर्मिनल. एक माझ्या खोलीत, एक गेटवर वजनकाट्याशेजारी आणि एक गोठवणीच्या हॉलमध्ये. गेटवर माल उतरला की तिथला माणूस वजन टाकून बटण दाबतो. तोच माल हॉलमध्ये पोचला की तिथे बटण दाबतात. गोठवायला लावला की पुन्हा एकदा. वेळ कोणी लिहायची नाही, ती यंत्र आपली आपण घालतं. कोळंबी पाण्याबाहेर आल्यापासून गोठेपर्यंत किती वेळ गेला, यावर तिचा भाव ठरतो आणि खरेदीदार तो हिशेब फार काटेकोरपणे बघतात. त्यासाठीच तर मालकांनी हे खोकं आणलं होतं.

माझं काम हे खोकं चालू ठेवण्याचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या खोक्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मी नोकरीला लागायच्या आधीच संपलेली होती आणि दुसरी मुंबईहून यायची होती, ती येतच होती. त्यामुळे वीज गेली की घड्याळ शून्यावर. या जातीच्या यंत्रांसाठी काळ सुरू होतो तो एक जानेवारी १९७० ला, ग्रीनिचच्या मध्यरात्री. तिथे रात्रीचे बारा, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणून वीज परत आली की माझ्या पडद्यावर दर वेळी तेच दिसे: एक जानेवारी १९७०, साडेपाच. मग मी खरी तारीख आणि खरी वेळ टाइप करायची, अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस. पावसाळ्यात हे काम मी दिवसातून तीनतीनदा केलं आहे.

आमचे अकाउंटंट पाध्ये यांना याची फार मजा वाटे. पाध्ये फावल्या वेळात पत्रिका बघतात. ते एकदा दारात उभे राहून म्हणाले, "कॉम्प्युटरबाई, याची पत्रिका मांडतो. जन्म एक जानेवारी सत्तर, पहाटे साडेपाच. स्थळ काय घालू, रत्नागिरी?"

"ग्रीनिच," मी म्हटलं.

"मग तिथली वेळ बारा. पत्रिकाच बदलली की! तुमच्या या यंत्राचं लग्न जमणं कठीण आहे."

मी नुसती हसले. अशा वेळी मला उत्तर सुचत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी मराठी बोलतो, पण आकडे, वेळा, भांडणं हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत चालतं. हॉलला लागून असलेल्या पडवीतल्या सोलणाऱ्या बायका मला मुद्दाम वेळ विचारत आणि मी "दोन पंचेचाळीस" म्हटलं की एकमेकींना कोपर मारून हसत. सुपरवायझर जाधवांना मी "मिस्टर जाधव" म्हणे, त्यावरही हसत. वाईट कोणी नव्हतं. पण मी कमी बोलू लागले आणि बघू जास्त लागले. या नोकरीला ते बरं पडलं.

जाधव लांज्याकडच्या एका गावचे. बी.एस्सी. झालेले, बौद्ध कुटुंबातले, त्यांच्या गावातून मुंबईला न जाता इकडेच राहिलेल्या थोड्या पुरुषांपैकी एक. हॉल त्यांच्या हातात होता. मितभाषी माणूस, आवाज चढवत नसत. बायका त्यांना वचकून नसत, पण त्यांचं ऐकत. ते कधी माझ्या खोलीत आले तर गमबूट बाहेर काढून ओल्या पायांचे ठसे उमटू नयेत म्हणून दारातच उभे राहत.

हे सगळं सांगायचं कारण, एका सोमवारी दामले साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, मला आणि जाधवांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मी आदल्या आठवड्यात छापून दिलेला रिपोर्ट होता. काही ओळींखाली लाल पेन्सिल ओढलेली होती.

"जाधव, हा टायगर कोळंबीचा माल. गेटवर आला सव्वाअकराला. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"आणि तुमच्या हॉलमध्ये पोचला अकराला पाच कमी असताना. कोळंबी गेटमधून आली, की कंपाउंडावरून उडी मारून?"

जाधवांनी कागद वाचला. "साहेब, वेळ मी घालत नाही. मी बटण दाबतो."

"तेच म्हणतोय. माल यायच्या आधीच दाबता. म्हणजे वेळ कमी दिसतो, हॉलचं काम चलाख दिसतं. असं किती दिवस चाललंय?"

"माल समोर आल्याशिवाय मी बटण दाबत नाही."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतो?" दामल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोला हो. कॉम्प्युटर चुकतो का?"

मी म्हटलं, "घड्याळ मी रोज तपासते." ते खरं होतं. माझ्या पडद्यावरचं घड्याळ रेडिओच्या बातम्यांना मिळवलेलं असे.

"झालं तर," दामले म्हणाले. "गुरुवारी खरेदीदारांचा तपासनीस येतोय मुंबईहून. हे कागद त्याच्याकडे गेलेत, प्रश्न त्यानेच काढलाय. तो काय म्हणतो ते बघून ठरवू. तोवर जाधव, तुम्ही हॉलमध्ये जायचं नाही. बर्फाच्या कोठारावर बसा."

ठरवू म्हणजे काय ते तिघांनाही कळलं होतं. तपासनीसासमोर कोणाचं तरी नाव पुढे करायचं आणि त्या माणसाला काढलं असं सांगायचं. आमच्या धंद्यात ज्याच्यावर खोट्या वेळांचा शिक्का बसला, त्याला इथल्या मिरकरवाडा बंदरापासून गुजरातेतल्या वेरावळपर्यंत कोणत्याही कारखान्याने दारात उभं केलं नसतं.

जाधव बर्फाच्या कोठारावर गेले. गुरुवारपर्यंत हॉल पाध्यांनी सांभाळला. त्यांना कोळंबीतलं काही कळत नव्हतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

मंगळवारी दुपारी मी हॉलमध्ये होते. तिथल्या टर्मिनलची वायर ओलीमुळे सैल होई, ती बघायला गेले होते. शेजारच्या पडवीत, उघड्या दारापलीकडे, बायका सोलायला बसल्या होत्या. त्यांच्यात सगळ्यांत मोठ्या भागामावशी, बुरोंडीकडून लग्न होऊन इकडे आलेल्या. त्या म्हणाल्या, "काय गो बाय, जाधवांना बर्फात घातलनी ते तुज्या त्या खोक्यान सांगितलान म्हणून ना?"

मी म्हटलं, "खोकं काही सांगत नाही, मावशी. ते छापतं."

"छापतंय म्हणजे सांगतंयच."

तेवढ्यात वीज गेली. थोड्या वेळाने जनरेटर लागला आणि खोकं आपोआप उठलं. एरवी मी माझ्या खोलीत धावले असते आणि वेळ घालून टाकली असती. पण मी हॉलमध्येच होते, आणि वायर नीट लागली का हे बघण्यासाठी मी हॉलच्या नावाने यंत्रात शिरले. त्या टर्मिनलवर एरवी एक ठरावीक मेनू दिसतो: माल आला, गोठवायला लावला, बस. घड्याळ कुठेच दिसत नाही. मी मेनू सोडून बाहेर आले आणि यंत्राला वेळ विचारली.

एक जानेवारी १९७०. पाच वाजून एक मिनिट.

साडेपाच नव्हे, पाच. खोकं नुकतंच उठलेलं, म्हणजे साडेपाच वाजून एक मिनिट हवं होतं. हे मी इतक्यांदा पाहिलं होतं की यात अर्धा तास कमी आहे हे लक्षात यायला विचार करावा लागला नाही. पडद्यावर कोणी दुसरा माणूस बसलेला दिसावा तसं वाटलं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. यंत्राच्या पोटात वेळ एकच असते, ग्रीनिचची. प्रत्येक टर्मिनलला आपण सांगून ठेवायचं असतं की ग्रीनिचपासून तू किती लांब. ते सांगायची एक छोटी ओळ असते: तीन रोमन अक्षरं, मग वजाची खूण, मग पाच, मग तीस. आपण ग्रीनिचच्या पुढे असून वजा का, हा प्रश्न पाध्यांनी मला नंतर विचारला. त्याचं उत्तर असं की ही ओळ ज्यांनी ठरवली ते अमेरिकेतले, ग्रीनिचच्या मागचे, आणि ते त्यांच्या बाजूने मोजत होते. पाच आणि तीस यांच्या मध्ये मात्र दोन टिंबं हवीत, एकावर एक. विसर्गासारखी.

मी हॉलची ओळ उघडली. तिथे टिंब एकच होतं. पाच, टिंब, तीस.

आता आपण सगळेच वेळ अशी लिहितो. बसचं वेळापत्रक बघा, लग्नपत्रिका बघा, शाळेची नोटीस बघा. पाच, टिंब, तीस. त्यात चुकीचं काही आहे असं इथल्या कोणाला वाटणार नाही, मलाही वाटलं नसतं. पण यंत्र पाचपर्यंत वाचतं, पुढे दोन टिंबांऐवजी एक दिसलं की थांबतं, आणि पुढचं सोडून देतं. साडे त्याला कळलेच नाहीत. म्हणून त्या खोक्यात एकाच वेळी दोन वेळा नांदत होत्या. गेटवर आणि माझ्याकडे रत्नागिरीची, आणि हॉलमध्ये कोणत्याच गावाची नसलेली, अर्धा तास मागची.

हे इतके महिने कोणाला कळलं कसं नाही, तर सोललेल्या मालामुळे. ती कोळंबी गेटवरून आधी सोलायला जाते, धुवायला जाते, हॉलमध्ये पोचायला तासाभराच्या वर लागतो. त्यातून अर्धा तास गळला तरी कागदावर सगळं शहाण्यासारखं दिसतं. टायगर कोळंबी मात्र डोक्यासकट अख्खी गोठवतात, ती गेटवरून सरळ हॉलमध्ये येते, दहा मिनिटांत. तीच तेवढी यायच्या आधी पोचत होती.

मी पाध्यांना हळूच विचारलं, "हॉलचं टर्मिनल जोडलं तेव्हा ही ओळ कोणी टाइप केली?"

"मीच. पुण्याच्या इंजिनिअरने ट्रंक कॉलवर सांगितली. काही ऐकू येत नव्हतं, तो ओरडत होता, फाइव्ह थर्टी, फाइव्ह थर्टी. का हो?"

मी त्यांना दाखवलं. पाध्ये चष्मा वर करून पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "एका टिंबासाठी त्या माणसाला बर्फात बसवलंय?" आणि स्वतःच दामल्यांकडे निघाले. मी त्यांच्या मागून गेले.

दामले साहेब हुशार आहेत. त्यांना दोन मिनिटांत कळलं. आधी ते हसले, पाध्यांना काहीतरी बोलले. मग त्यांचं हसणं थांबलं.

"थांबा. म्हणजे सोललेला मालसुद्धा आपण कागदावर दाखवला त्याच्या अर्धा तास उशिरा गोठला?"

"हो."

"सगळा? गेलेला माल?"

"हॉलचं टर्मिनल लागल्यापासूनचा."

दामल्यांनी उठून दार लावलं. "पाध्ये, तुम्ही हॉलमध्ये जा." पाध्ये गेले. मग दामले मला म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "ते टिंब आज दुरुस्त करून टाका. यापुढे काही उलटंसुलटं दिसणार नाही. मागचं उकरायचं नाही."

"आणि मिस्टर जाधव?"

"त्यांना कुठेतरी लावून देऊ. ओळखी आहेत माझ्या." मग ते पुढे म्हणाले, "अहो, एका माणसाने चार वेळा बटण आधी दाबलं हे एक. आणि कारखान्याचे सगळे कागद चुकीचे हे दुसरं. दोन्हींपैकी तपासनीसाला काय सांगावं? तुम्हीच सांगा."

मी खोलीत परत आले आणि खरी वेळ घातली. टिंब मात्र तसंच ठेवलं. ते दुरुस्त केलं असतं तर दाखवायला काही उरलं नसतं. हे मी धीटपणाने केलं असं म्हणणार नाही. दुरुस्त करायला सांगितलेली गोष्ट न करणं, एवढंच मला जमण्यासारखं होतं.

गुरुवारी तपासनीस आला. मद्रासकडचा, बारीक, शांत गृहस्थ. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. दामल्यांनी त्याला चहा दिला, जाधवांना बोलावून कोपऱ्यात उभं केलं आणि इंग्रजीत सांगितलं की संबंधित माणसाकडून बेपर्वाई झाली आहे, कारवाई होत आहे. जाधवांना इंग्रजी चांगलं कळतं. ते खाली बघत नव्हते, खिडकीबाहेरही बघत नव्हते. कारवाई या शब्दाच्या आसपास त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

तपासनीसाने मला विचारलं, रिपोर्ट तूच काढतेस का? मी हो म्हटलं. त्याने विचारलं, यंत्राच्या वेळेबद्दल तुला काही शंका आहे का?

प्रश्न इंग्रजीत होता, आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं. त्या केबिनमध्ये मी आजवर सलग इतकी वाक्यं कधी बोलले नव्हते. मी सांगितलं की या माणसाची चूक नाही, चूक एका टिंबाची आहे, आणि ते अजून तिथेच आहे, दाखवते. मग त्याला हॉलमध्ये नेलं. तिथल्या टर्मिनलवर वेळ विचारली, ती दाखवली. मग त्याला माझ्या खोलीत नेलं. त्याने न सांगता बूट काढले. तिथे वेळ विचारली. अर्ध्या तासाचा फरक आणि वर चालत येण्याची दोन मिनिटं. तो हसला नाही. त्याने खिशातून कॅल्क्युलेटर काढला, मागच्या खेपांचे कागद मागितले आणि हॉलच्या प्रत्येक वेळेत अर्धा तास मिळवत बसला. दामले त्याच्याशेजारी उभे होते.

जाधव त्याच दुपारी हॉलमध्ये परत गेले. पण गेलेल्या मालापैकी काही खेपा मर्यादेबाहेर निघाल्या. तपासनीस म्हणाला की खरेदीदारांना हे कळवणं त्याला भाग आहे, आणि त्याने कळवलं. त्या हंगामात आमच्या मालाला खालचा दर्जा मिळाला. वरून हुकूम आला की सोललेला माल यापुढे अर्धा तास लवकर गोठला पाहिजे. हा अर्धा तास कुठून काढायचा यावर केबिनमध्ये बरीच चर्चा झाली. शेवटी तो सोलणाऱ्या बायकांच्या चहाच्या सुट्टीतून निघाला. आता त्या पाळीपाळीने, उभ्या उभ्या चहा घेतात.

दामले मला एवढंच म्हणाले, "तुम्हाला बोलता येतं हे मला माहीत नव्हतं." त्यांनी मला काढलं नाही. वीज गेल्यावर खोकं उठवणारं दुसरं कोणी नव्हतं. भागामावशी मात्र मला हॉलमध्ये अडवून म्हणाल्या, "बाय, तुज्या त्या टिंबान आमचा चाय प्यालान गो!" सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण त्या उभ्या होत्या आणि हातात पेला होता, आणि त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. मी दामल्यांकडे जाऊन सुट्टीबद्दल विचारलं, मराठीत. ते म्हणाले बघू. अजून बघताहेत.

जाधव माझे आभार मानायला येतील असं मला वाटलं होतं आणि त्याची मला थोडी धास्ती होती. ते आठवड्याने आले, दारात उभे राहिले.

"मॅडम, एक विचारू? टिंब सापडायच्या आधी तुम्हाला काय वाटत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "मला वाटलं, तुम्ही बटण आधी दाबता."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मलापण तसंच वाटायला लागलं होतं," ते म्हणाले. "कागदावर छापलेलं होतं ना. घरी जाऊन बायकोला विचारलं, मी विसरायला लागलोय का ग? ती म्हणाली, डॉक्टरला दाखवू या."

मग ते गमबूट घालून गेले.

हॉलमधलं टर्मिनल आता बरोबर चालतं. मी आठवड्यातून एकदा तिथली वेळ स्वतः जाऊन बघते. जाधव तिथेच असतात. माल आला की ते बटणावर बोट ठेवतात आणि दाबायच्या आधी जवळच्या बाईला विचारतात, "माल आलाय ना ग?" माल त्यांच्यासमोर असतो, टबातलं पाणी त्यांच्या गमबुटांवर उडत असतं. ती बाई म्हणते, "आलाय, जाधव." मग ते बटण दाबतात.